फवारणीचा पंप दहा मिनिटांत बंद पडतो? कार्बोरेटर खोलण्याआधी उंदीर शोधा

द्राक्षबागेत गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन पोंगा (फुटणारा कोंब) दिसायला लागतो आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कोसळतो. सरीत घोटाभर चिखल, ट्रॅक्टर बागेत घालता येत नाही, ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर शेडमध्ये उभा. डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने झोप उडालेली असते. अशा वेळी कोपऱ्यात पडलेल्या पेट्रोल इंजिनच्या एचटीपी (जास्त दाबाने फवारणाऱ्या) पंपाची आठवण होते, आणि दोन दिवसांत नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या माझ्या गॅरेजसमोर अशा पंपांची रांग लागते. तक्रार ठरलेली. 'भाऊ, चालू होतो, दहा मिनिटं चालतो, बंद पडतो. कार्बोरेटरच बदलून टाका.'

कार्बोरेटर बिचारा उगाच बदनाम आहे. तीन-चार महिने शेडमध्ये पडून राहिलेलं इंजिन माझ्याकडे आलं की मी आधी नाक लावतो. उंदराच्या मुताचा वास लपत नाही.

हे लिहायचं कारण मोहाडीकडचे एक नाना. त्यांचा पंप एकाच हंगामात तीन वेळा माझ्याकडे आला, आणि त्यातल्या दोन फेऱ्या माझ्या चुकीने झाल्या. पहिल्यांदा स्विचची वायर कुरतडलेली होती. मी ती जोडली, इंजिन पाच मिनिटं चालवून दाखवलं, पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी पंप परत. तीच वायर, जोडापासून दोन बोटांवर पुन्हा कुरतडलेली. पुन्हा जोडली. तिसऱ्यांदा नाना स्वतः टेम्पोत बसून आले आणि म्हणाले, "आता वायरीचं सांगू नको. पंप तापतोय, वास मारतोय आणि दोरी दगडासारखी झालीय."

रिकॉइलचे (दोरी ओढायच्या भागाचे) तीन बोल्ट काढले, मग पंख्यावरचं पत्र्याचं कव्हर उचललं. आत जागाच नव्हती. द्राक्षवेलीची सुटलेली साल, सुतळीचे दोरे, आणि सगळ्यात जास्त वर्तमानपत्राचे बारीक तुकडे. जानेवारीत घडांना पेपर लावतो ना, त्याचाच उरलेला गठ्ठा शेडमध्ये होता. एका तुकड्यावर कांद्याचे भाव वाचता येत होते. सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये हा सगळा चोथा गच्च बसलेला, सिलिंडरला टेकलेली बाजू भाजून तपकिरी झालेली. नशीब म्हणायचं की पेट घेतला नाही. पहिल्याच वेळी हे कव्हर उघडलं असतं तर नानांची पिष्टन-रिंग वाचली असती.

कसा बंद पडला, ते नीट आठवा

'दहा मिनिटांनी बंद पडतो' हे एक वाक्य झालं, पण बंद पडायच्या तऱ्हा चार आहेत. मला फोन करणाऱ्याला मी आधी हेच विचारतो.

आवाज हळूहळू दबत गेला, ताकद कमी झाली, रंग जळल्यासारखा वास आला आणि मग इंजिन बसलं. लगेच दोरी ओढली तर जड लागते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतं. हा उष्णतेचा प्रकार. या छोट्या इंजिनांना रेडिएटर नाही, पाणी नाही. दोरीच्या कव्हरमागे मॅग्नेटच्या चाकावर पंखा असतो, तो जाळीतून हवा ओढतो आणि पत्र्याच्या कव्हरमधून सिलिंडरच्या पाकळ्यांवर फेकतो. थंड करायची एवढीच सोय. त्या वाटेत उंदराने घर केलं की इंजिन चालू व्हायला काही अडचण नसते, थंड राहायची असते. म्हणून गॅरेजमध्ये पाच मिनिटं उत्तम चालतं आणि बागेत लोड आला की मरतं.

दुसरा प्रकार: इंजिन आधी हुंदके देतं, चढतं-उतरतं, आणि पेट्रोल संपल्यासारखं बंद होतं. टाकी तर अर्धी भरलेली. आता टाकीचं झाकण हळूच सैल करा. 'फुस्स' असा आवाज आला आणि त्यानंतर एका ओढीत इंजिन चालू झालं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. ती आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. हे काम बहुतेक वेळा कुंभारणीचं. ओल्या मातीचे गोळे आणून भोकं लिंपणारी ती सडपातळ कमरेची माशी. तिला झाकणाचं भोक, सायलेन्सरचं तोंड, फवारणीच्या गनचं नोझल, सगळं सारखंच. झाकण कोमट पाण्यात भिजवा, माती विरघळते, मग बारीक सुईने भोक मोकळं करा आणि पूर्ण वाळवूनच लावा. झाकण सैल ठेवून फवारणी उरकायचा मोह होतो. करू नका. खाली तापलेला सायलेन्सर असतो आणि वर हिंदकळणारं पेट्रोल.

तिसरा: काही सूचना न देता खटकन बंद, जसं कुणी स्विच दाबला. वायर हलवली की पुन्हा चालू. ही उंदराची वायर. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

चौथा प्रकारही खटकन बंद पडायचाच, पण वायरी धडधाकट, आणि इंजिन गार होईपर्यंत प्लगला करंट नाही. तिथे ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल तापून दगा देते आहे. त्यात उंदराचा दोष नाही, कॉइलचं वय झालं.

आणि हे चारही तपासायच्या आधी ऑइलची काडी बघा. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. उतारावर पंप ठेवला तरी तो फसतो. ऑइल पूर्ण असताना बंद पडत असेल तरच पुढे जा.

वायर तुटली तर चालू राहतं, सोलली तर बंद पडतं

हे उलटं वाटतं, म्हणून बरेच जण इथे अडकतात. या इंजिनांना बॅटरी नसते. मॅग्नेट फिरतो, कॉइल करंट तयार करते, तो प्लगला जातो. स्विचचं काम करंट देणं नाही, करंट मारणं. स्विच 'बंद' केला की कॉइलमधून आलेली बारीक वायर इंजिनच्या बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते.

म्हणजे उंदराने ती वायर पार तोडून टाकली आणि टोक हवेत लोंबकळत राहिलं, तर इंजिन मजेत चालेल, फक्त स्विचने बंद होणार नाही. पण त्याने नुसतं वरचं आवरण सोललं आणि आतली तार पत्र्याला टेकली, तर इंजिनच्या दृष्टीने तुम्ही स्विच कायमचा दाबून ठेवला आहे. तार कंपनाने कधी टेकते, कधी सुटते, म्हणून कधी चालतं, कधी नाही.

तपासायचं असं. प्लग काढा, त्याला टोपी लावा, प्लगचा आटा इंजिनच्या धातूला टेकवून रबरी मुठीच्या पकडीने धरा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. दोरी ओढा. ठिणगी नाही? मग कॉइलला येणारी ती एकटी बारीक वायर, बहुतेक काळी, तिचा जोड सोडवा आणि पुन्हा ओढा. आता निळी ठिणगी आली, तर कॉइल चांगली आहे. भानगड वायर, स्विच किंवा ऑइलच्या सेन्सरमध्ये आहे. वायर सोडवूनही ठिणगी नाही, तर नवा प्लग लावून बघा, मग कॉइलवर संशय घ्या. या तपासणीनंतर वायर सोडलेली असतानाच इंजिन चालू केलंत, तर ते स्विचने थांबणार नाही हे ध्यानात ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करून किंवा चोक लावून थांबवावं लागेल.

वायर जोडताना दोन टोकं पिळून त्यावर काळी टेप, एवढ्यावर भागवू नका. उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, कंपनाने पीळ सुटतो. सोल्डरचा डाग मारा, वरून हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि वायर सायलेन्सरपासून लांब वळवून बांधा. मी आता अशा ठिकाणी लोखंडी फ्लेक्सिबल पाइपचा वीतभर तुकडा चढवतो. त्यावर दात चालत नाहीत.

प्लगची जाड वायर मात्र वेगळी. तिच्यात हजारो व्होल्ट असतात, तिला जोड चालत नाही. तिच्यावर दातांच्या खुणा असतील तर पहाटे किंवा अंधार पडल्यावर इंजिन चालू करून लांबून बघा. कुरतडलेल्या जागेतून बॉडीकडे निळी रेघ उडताना दिसते. दुपारच्या कोरड्या हवेत असं इंजिन बरं चालतं आणि दवाच्या सकाळी फटफट करतं. बऱ्याच कॉइलना ही वायर साच्यातच बसवलेली असते, तेव्हा कॉइलसकट बदलावी लागते. नवी कॉइल बसवताना मॅग्नेट आणि कॉइलमध्ये फट लागते. 163 सीसीच्या नेहमीच्या इंजिनांना ती साधारण 0.4 मिमी चालते. फीलर गेज नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून बोल्ट आवळा. प्लगची फट 0.7 ते 0.8 मिमी.

खोलायचं कसं

सगळ्यात आधी दोरी ओढू नका. महिनोन् महिने पडून असलेलं इंजिन दिसलं की आपला हात आपसूक दोरीकडे जातो. आत घर असेल तर मॅग्नेट फिरून काड्या पाकळ्यांमध्ये आणखी ठासल्या जातात, आणि एअर फिल्टर फाटलेला असेल तर दाणे, माती सगळं कार्बोरेटरमधून आत ओढलं जातं.

शेडमध्ये हात घालण्याआधी बॅटरीचा उजेड आणि काठी. उंदीर आहे तिथे त्याच्या मागावर नाग, घोणस येतात, आणि पंपाखालची अंधारी ऊबदार जागा त्यांनाही आवडते. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, पंप थांबू शकतो. उसाला लागून शेड असेल तर हे काम रात्री काढूच नका. बिबट्याचं मी काय वेगळं सांगू, निफाड-दिंडोरीकडच्यांना माहीत आहे.

हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल. उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) आजार होतो, आणि आपल्या हाताला चिरा-ओरखडे असतातच. घर कोरडं असताना हवा मारू नका, ती धूळ थेट नाकात जाते. ब्लीच घातलेलं पाणी आधी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग उचला. पाणी कॉइलवर आणि कार्बोरेटरच्या तोंडात जाऊ देऊ नका.

एअर फिल्टरची डबी उघडा. स्पंज कुरतडलेला असेल तर नवा घाला. 'आज तेवढी फवारणी होऊ दे' म्हणून फिल्टरशिवाय चालवलेली इंजिनं मी पुढच्या वर्षी रिंगांसाठी खोलली आहेत. डबीत शेंगांची टरफलं, सोयाबीन, गहू सापडला तर कार्बोरेटर काढून त्याच्या मागची वाटही बघा. एखादा दाणा तिथे अडकलेला असला की इंजिन फक्त चोकवर चालतं आणि दोष कार्बोरेटरच्या जेटवर (पेट्रोलच्या बारीक भोकावर) जातो.

मग रिकॉइल आणि फॅन कव्हर. काड्या हाताने, पकडीने, तारेच्या आकड्याने बाहेर काढा. कॉम्प्रेसरची हवा शेवटी, आणि ती सिलिंडरकडून पंख्याच्या दिशेने. पंख्याकडून मारली तर चोथा आत जातो. पाकळ्यांवर ऑइल आणि धूळ मिळून खरवड बसली असेल तर रॉकेल किंवा डिझेल लावलेला ब्रश चालतो, पण नंतर पुसून पूर्ण वाळू द्या. पाकळी मोडू नका, ॲल्युमिनियम कचकन तुटतं.

सायलेन्सरचे दोन नट काढून तो हातात घ्या आणि हलवा. खुळखुळला तर आत दाणे आहेत. एकदा ओझरकडच्या एका जनरेटरच्या सायलेन्सरमधून ओंजळभर भुईमुगाचे दाणे निघाले होते; उंदराने कोठार केलं होतं. मातीचं घर असेल तर तारेने आत ढकलू नका, सायलेन्सर काढून पाण्यात ठेवा आणि उलटा करून झटका. सायलेन्सर बुजलेला असला की इंजिन चालू होऊन गुदमरतं. तो काढून एकदोन सेकंद चालवलं आणि एकदम मोकळं झालं, तर निदान पक्कं. आवाज आणि ज्वाला दोन्ही येतात, चेहरा लांब ठेवा.

पेट्रोलचा पाइप कुरतडला असेल तर बदला. एम-सील, फेविक्विक, टेप, काही लावू नका. बाजारात मिळणारा स्वस्त पारदर्शक पाइप पेट्रोलने आठवड्यात कडक होतो. पेट्रोलसाठीचाच रबरी पाइप आणि दोन्ही टोकांना क्लिप. ब्रश कटरमध्ये (गवत कापायच्या यंत्रात) टाकीतून जाणारे बारीक पाइप आणि पेट्रोल चढवायचा प्रायमरचा फुगा उंदराला फार आवडतात. तिथे पिनेएवढं भोक पडलं तरी हवा ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन फुल रेसवर गेलं की मरतं.

सगळंच उंदरावर ढकलायचं नाही. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं. तीन महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटरखालच्या फ्लोटच्या वाटीतलंही.

पुन्हा का येतो

नानांच्या शेडमध्ये मी शेवटी स्वतः गेलो. पंप भिंतीला चिकटून, वर गोणपाट पांघरलेलं, शेजारी गाईच्या पेंडीची दोन पोती, पलीकडे पेपरचा गठ्ठा. उंदराला घर, अन्न आणि अंथरूण एका हातावर. गोणपाटाने आपण धूळ अडवतो असं वाटतं, खरं तर अंधार करून देतो. आणि मी वायर जोडली तेव्हा वास तसाच ठेवला होता. एका उंदराने मुतून आखलेली वाट दुसऱ्याला पुरते. पहिला पिंजऱ्यात सापडला तरी दुसरा त्याच वायरीपाशी येतो. धुणं हा दुरुस्तीचा भाग आहे, हे मला त्या तिसऱ्या फेरीत कळलं.

ऑक्टोबरातच का? सोयाबीन निघतं, इगतपुरी-त्र्यंबककडे भात निघतो, शेतात खायला काही उरत नाही, बिळांत पाणी शिरलेलं असतं. ते सगळे शेडकडे सरकतात. म्हणजे ज्या आठवड्यात पंप लागणार, त्याच आठवड्यात ते आत येतात. तपासणी सप्टेंबरात करा.

पेंड झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात गेली. पंप भिंतीपासून दीड फूट पुढे, विटांवर, उघडा. ब्रश कटर आढ्याला तारेने टांगला. सायलेन्सरच्या तोंडात स्टीलच्या तारेची भांड्यांची घासणी कोंबली आणि तिला बांधलेली लाल चिंधी दोरीच्या मुठीला गाठ मारून ठेवली, म्हणजे काढायची विसरणार नाही. शेडच्या फटींना पाव इंची लोखंडी जाळी. लहान उंदराला सहा-सात मिमीची फट पुरते. इंजिनच्या हवेच्या जाळीवर मात्र आणखी जाळी मारू नका, पालापाचोळा अडकून तेच तापायचं दुखणं ओढवून घ्याल. आठवड्याला एकदा कव्हरमध्ये डोकावून पाच मिनिटं इंजिन चालवायचं.

डांबर गोळ्या बंद पेटीत चालतात, उघड्या शेडमध्ये वास उडून जातो. तंबाखूच्या भुकटीवरून गेलेली उंदराची पावलं मी पाहिली आहेत. वायरींना जळकं ऑइल चोपडायचा एक प्रकार आहे, त्याने रबर फुगतं आणि धूळ बसते, उंदीर येतो तो येतोच. विष घातलं तर तो मरायला नेमका फॅन कव्हरमध्येच जातो, आणि मग तो वास काढायला पंप माझ्याकडे. पिंजरा आणि सुक्या बोंबलाचा तुकडा, हेच बरं. चिचुंद्री सापडली तर सोडून द्या, ती किडे खाते, वायरींच्या वाट्याला जात नाही. जमीन पोखरलेली दिसली तर घूस आहे; तिच्यासाठी फरशीच पक्की करावी लागते.

पंप गॅरेजला आणणार असाल तर धुऊन-पुसून आणू नका. लेंड्या, काड्या, कुरतडलेला तुकडा, सगळं आहे तसं येऊ द्या, फक्त प्लास्टिकच्या गोणीत बांधून. आणि कसा बंद पडला, हळूहळू की खटकन, ते घरून निघतानाच आठवून ठेवा.